भेद, विवेक आणि भेदभाव : इंग्रजीतील भेददर्शक पर्यायशब्दांचा एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

एकसारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू वेगळ्या ओळखणे ही मानवी बुद्धीची अगदी प्राथमिक क्रिया होय. तांदळातील खडा, खोटे नाणे, जुळ्या भावंडांपैकी थोरला कोण, यांची ओळख पटल्याखेरीज नित्याचा व्यवहारही चालत नाही. या एका क्रियेसाठी इंग्रजी भाषेत शब्दांचे एक कुटुंबच आढळते. ‘टेल अपार्ट’, ‘डिसर्न’, ‘डिस्टिंग्विश’, ‘डिस्क्रिमिनेट’ आणि ‘डिफरन्शिएट’ ही त्यातील ठळक नावे. सर्वसाधारण कोशांत हे शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून दिलेले असतात. महाविद्यालयीन प्रश्नपत्रिकांतही ‘डिस्टिंग्विश बिटवीन’ आणि ‘डिफरन्शिएट बिटवीन’ या सूचना आलटून पालटून येतात आणि मराठी माध्यमात दोहोंसाठी ‘फरक स्पष्ट करा’ एवढे एकच वाक्य पुरते. मात्र त्याच अर्थाचा मानला गेलेला ‘डिस्क्रिमिनेट’ हा शब्द प्रश्नपत्रिकेत सहसा आढळत नाही. तो आढळतो संविधानात, न्यायालयीन निर्णयांत आणि अन्यायाविरुद्धच्या निवेदनांत.

एकाच कुटुंबातील एक शब्द परीक्षेच्या दालनात राहिला आणि दुसरा न्यायालयाच्या पायऱ्या चढला, हे कसे घडले? या प्रश्नाचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. त्यासाठी प्रथम या शब्दांची व्युत्पत्ती, नंतर इंग्रजीतील पर्यायकोशांची परंपरा आणि शेवटी ‘डिस्क्रिमिनेट’ या शब्दाचे अर्थांतर व त्याचा भारतीय संविधानाशी असलेला संबंध या क्रमाने विवेचन केले आहे.

शब्दांची मूळ घरे

नॉर्मन विजयापूर्वीच्या जुन्या इंग्रजीत वेगळे करण्याच्या क्रियेसाठी ‘स्केआदन’ हे क्रियापद होते. आजचा ‘शेड’ हा शब्द त्याचाच वंशज असून ‘वॉटरशेड’ म्हणजे जलविभाजक या शब्दात त्याचा मूळ अर्थ शिल्लक आहे. ‘स्किल’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला. आज त्याचा अर्थ कौशल्य असा असला तरी मूळ अर्थ भेद किंवा भेद जाणण्याची शक्ती असा होता. ‘टेल’ या क्रियापदाचा जुना अर्थ मोजणे. बँकेत पैसे मोजून देणारा ‘टेलर’ याच अर्थाची आठवण देतो. एकेक वस्तू मोजायची तर ती शेजारच्या वस्तूपासून वेगळी काढावी लागते. मोजणे आणि ओळखणे यांचे नाते असे निकटचे आहे.

पुढे फ्रेंच व लॅटिन मार्गाने नवे शब्द आले. ‘डिसर्न’ हा शब्द चौदाव्या शतकात इंग्रजीत रुळला. त्याच्या मुळाशी ‘केर्नेरे’ म्हणजे चाळणे हे लॅटिन क्रियापद आहे. ‘डिस्टिंग्विश’ या शब्दाच्या मुळाशी टोचून खूण करण्याची कल्पना असल्याचे मानले जाते. ‘डिस्क्रिमिनेट’ सतराव्या शतकात आला. तो ‘डिस्क्रिमेन’ या लॅटिन नामापासून बनला आहे आणि हे नाम ‘डिसर्न’च्याच मूळ धातूपासून निघालेले आहे. म्हणजे ‘डिसर्न’ आणि ‘डिस्क्रिमिनेट’ ही सख्खी भावंडे ठरतात. ‘डिस्क्रिमेन’चे अर्थही लक्षणीय आहेत. मधली जागा, फरक, निर्णायक क्षण, संकट आणि केसांचा भांग हे सारे अर्थ त्या एका शब्दात सामावले होते. ‘डिफरन्शिएट’ हा या कुटुंबातील सर्वांत धाकटा. तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आला आणि गणित व जीवशास्त्र यांच्या परिभाषेत वाढला. हर्बर्ट स्पेन्सर याने १८५७ मध्ये प्रगतीविषयक निबंधात एकजिनसी अवस्थेतून बहुजिनसी अवस्थेकडे होणाऱ्या वाटचालीचे वर्णन करताना याच कुळातील ‘डिफरन्शिएशन’ या संज्ञेचा आधार घेतला. मात्र तिचा पूर्वज ‘डिफरन्शिया’ हा फार जुना. ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रात एका जातीतील उपजाती ज्या लक्षणाने वेगळी ठरते त्या व्यवच्छेदक लक्षणाचे हे लॅटिन नाव होय.

या व्युत्पत्तींवरून एक गोष्ट स्पष्ट होते. चाळणे, टोचून खूण करणे, भांग पाडणे आणि लक्षण सांगणे या चार भिन्न कृतींतून हे शब्द जन्मले. त्यांपैकी कोणत्याही शब्दाच्या मुळाशी अन्यायाची छटा नाही.

पर्यायकोशांची परंपरा

या शब्दांतील सूक्ष्म अंतर जाणीवपूर्वक तपासण्याचे श्रेय अठराव्या शतकातील पर्यायशब्दांच्या अभ्यासकांकडे जाते. या परंपरेचा उगम फ्रान्समध्ये झाला. ॲबे गाब्रिएल जिरार यांनी १७१८ मध्ये फ्रेंच भाषेच्या अचूकतेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला व १७३६ मध्ये फ्रेंच पर्यायशब्दांवरील ग्रंथ सिद्ध केला. ज्यांना लोक समानार्थी समजतात ते शब्द वस्तुतः समानार्थी नसतात, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त. इंग्लंडमध्ये जॉन ट्रस्लर यांनी १७६६ मध्ये जिरार यांच्या धर्तीवर इंग्रजी शब्दांतील भेद दाखविणारा ग्रंथ काढला. एडिंबरा येथील प्राध्यापक ह्यू ब्लेअर यांनी १७८३ मध्ये प्रकाशित झालेल्या वक्तृत्वशास्त्रावरील व्याख्यानांत ‘डिस्टिंग्विश’ आणि ‘सेपरेट’ या जोडीचा विचार केला आहे. एका वस्तूची दुसरीशी गल्लत होऊ नये म्हणून आपण पहिली क्रिया करतो आणि तिला दुसरीपासून दूर करावयाचे असेल तेव्हा दुसरी. वस्तू गुणांनी भिन्न ओळखल्या जातात, पण स्थळाच्या वा काळाच्या अंतराने विलग होतात, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. ओळखणे वेगळे आणि वेगळे बसविणे वेगळे, हा ब्लेअर यांनी शैलीच्या संदर्भात सांगितलेला भेद पुढील शतकांत किती महत्त्वाचा ठरणार होता याची कल्पना त्या काळी कोणास असण्याचे कारण नव्हते.

१७९४ मध्ये हेस्टर पिओझी यांचा ‘ब्रिटिश सिनॉनिमी’ हा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांच्या निकटवर्ती असलेल्या या विदुषीने दैनंदिन संभाषणातील शब्दनिवडीस मार्गदर्शन करण्याचा प्रयत्न केला. १८१३ मध्ये नॉर्विच येथील विल्यम टेलर यांचा आणि १८१६ मध्ये जॉर्ज क्रॅब यांचा ग्रंथ बाहेर पडला. क्रॅब यांच्या मते ‘डिस्टिंग्विश’ ही सामान्य क्रिया असून ‘डिस्क्रिमिनेट’ ही विशेष क्रिया होय. पहिलीने वस्तू नुसत्या अलग ओळखल्या जातात, तर दुसरीने त्यांच्या अंगभूत गुणांचा बारकाईने विचार होतो. १८५१ मध्ये आर्चबिशप रिचर्ड व्हेटली यांच्या देखरेखीखाली त्यांच्या कन्या एलिझाबेथ जेन व्हेटली यांनी सिद्ध केलेला निवडक पर्यायशब्दांचा ग्रंथ आला आणि पुढच्याच वर्षी पीटर मार्क रोजेट यांचा ‘थिसॉरस’ प्रकाशित झाला.

या ग्रंथांतून ‘डिस्क्रिमिनेट’ या शब्दाला मिळालेले स्थान विशेष पाहण्यासारखे आहे. टेलर यांच्या ग्रंथाचे नावच ‘इंग्लिश सिनॉनिम्स डिस्क्रिमिनेटेड’ असे होते. शब्दाशब्दांतील अंतर नेमके दाखविण्याच्या विद्वत्कार्याला त्यांनी हा शब्द अभिमानाने लावला. रोजेट यांनी ‘डिस्क्रिमिनेशन’ला बुद्धीच्या वर्गात, तुलना व मापन यांच्या मधोमध स्थान दिले. आधी तुलना, मग भेदज्ञान, मग मापन असा तो क्रम आहे. त्यापूर्वी जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशातही या क्रियापदाचा अर्थ खुणांनी वेगळे ओळखणे व निवडून काढणे असाच होता. तात्पर्य, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधील सुशिक्षित माणसाला ‘डिस्क्रिमिनेशन असलेला’ म्हणणे ही त्याची स्तुती होती.

‘डिस्क्रिमिनेट’चे अर्थांतर

अर्थांतराची मुख्य भूमी अमेरिका ठरली. तेथे हा शब्द वाङ्मयचर्चेतून राज्यकारभारात आला. १७९० मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहात राष्ट्रीय कर्जाविषयी वाद झाला. क्रांतियुद्धातील सैनिकांना वेतनापोटी मिळालेले सरकारी रोखे अनेकांनी अडचणीपायी सट्टेबाजांना अल्प किमतीत विकले होते. मूळ धारक आणि नंतरचा खरेदीदार यांच्यात ‘डिस्क्रिमिनेशन’ करावे, म्हणजे मूळ धारकालाही काही हिस्सा द्यावा, असा प्रस्ताव जेम्स मॅडिसन यांनी मांडला. अलेक्झांडर हॅमिल्टन यांचा त्यास विरोध होता आणि प्रस्ताव फेटाळला गेला. येथे ‘डिस्क्रिमिनेशन’ ही न्यायाची मागणी होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

यादवी युद्धानंतर चित्र बदलले. १८६५ मध्ये गुलामगिरी संपुष्टात आली, परंतु मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना नागरिक म्हणून समान वागणूक मिळाली नाही. १८६६ व १८७५ चे नागरी हक्कांचे कायदे आणि १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती याच संघर्षातून निर्माण झाली. याच काळात ‘डिस्क्रिमिनेट’ या क्रियापदाला ‘अगेन्स्ट’ हे अव्यय वंशसंबंधाने चिकटू लागले. ‘बिटवीन’ या अव्ययाबरोबर येणाऱ्या क्रियेत दोन वस्तू समोर असतात आणि पाहणारा तटस्थ असतो. ‘अगेन्स्ट’बरोबर येणाऱ्या क्रियेत एक माणूस दुसऱ्याच्या विरोधात उभा राहतो. एका अव्ययाने बुद्धीच्या क्रियेचे रूपांतर सत्तेच्या क्रियेत केले.

तरीही हा बदल एका दिवसात झाला नाही. १८८० मध्ये स्ट्रॉडर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केवळ गोऱ्या पुरुषांना ज्यूरीत घेणारा वेस्ट व्हर्जिनियाचा कायदा रद्द ठरविला. तेव्हा कनिष्ठत्व सूचित करणारे असे विशेषण ‘डिस्क्रिमिनेशन’ला जोडावे लागले. १८८६ च्या यिक वो खटल्यात सॅन फ्रान्सिस्को येथील लाकडी इमारतींतील धुलाई दुकानांचा परवाना सुमारे २०० चिनी अर्जदारांना नाकारला गेला होता आणि इतरांना तो जवळपास सरसकट मिळाला होता. तेथेही न्यायालयाने ‘अन्याय्य व बेकायदेशीर’ ही विशेषणे वापरली. रेल्वेच्या दरांतील पक्षपात रोखणाऱ्या १८८७ च्या आंतरराज्य व्यापार कायद्यात ‘अन्याय्य डिस्क्रिमिनेशन’ अशीच संज्ञा आहे. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या शब्दाला वाईट ठरविण्यासाठी विशेषणाची गरज होती.

विसाव्या शतकात उलट प्रकार झाला. अमेरिकेचा १९६४ चा नागरी हक्क कायदा, ब्रिटनचा १९७५ चा लिंगभेदविरोधी कायदा यांत ‘डिस्क्रिमिनेट’ला कोणतेही दूषणात्मक विशेषण लागले नाही. तो शब्द स्वतःच आरोप बनला होता. आणि वंचितांसाठी खास तरतूद करावयाची झाली तेव्हा त्याला ‘पॉझिटिव्ह’, ‘प्रोटेक्टिव्ह’, ‘कॉम्पेन्सेटरी’ अशी विशेषणे लावून सुधारून घ्यावे लागले. विशेषण कोणत्या बाजूस लागते यावरून शब्दाचा नैतिक कल कळतो. सुमारे शंभर वर्षांत हे पारडे पूर्णपणे फिरले.

भारतीय संविधान आणि १९५२ चे निवाडे

या अमेरिकन अर्थाचा भारताशी संबंध जोडणारा महत्त्वाचा दुवा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या आंबेडकरांनी रावबहादुर आर. श्रीनिवासन यांच्यासह गोलमेज परिषदेपुढे अस्पृश्यवर्गाच्या राजकीय संरक्षणाची योजना सादर केली. तिच्यात ‘डिस्क्रिमिनेशन’पासून संरक्षण ही एक स्वतंत्र अट होती आणि योजनेतील कलमांसाठी अमेरिकेच्या १८६६ व १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा आधार घेतल्याचा निर्देशही होता. पाणवठ्यावर, रस्त्यावर, शाळेत माणसाला माणसापासून दूर बसविणारी रूढी हा केवळ सामाजिक शिष्टाचार नसून हक्कांचे उल्लंघन आहे, हे सांगण्यास एक कायदेशीर शब्द हवा होता. तो या कुटुंबातून मिळाला. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या अनुच्छेद १५ (१) मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून राज्याने कोणाही नागरिकास प्रतिकूल असा भेदभाव करू नये, असे स्पष्ट झाले. तेथे इंग्रजी पाठात ‘डिस्क्रिमिनेट अगेन्स्ट’ हाच प्रयोग आहे.

दोनच वर्षांत या शब्दाची परीक्षा झाली. पश्चिम बंगालच्या विशेष न्यायालयांच्या कायद्यासंबंधी अन्वर अली सरकार खटल्याचा निर्णय जानेवारी १९५२ मध्ये लागला. कोणते खटले विशेष न्यायालयाकडे पाठवावयाचे याविषयी कोणताही निकष न देता शासनास मोकळीक देणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली. न्यायमूर्ती सुधीरंजन दास यांनी वर्गीकरणाची दुहेरी कसोटी मांडली. वर्गीकरण सुबोध अशा व्यवच्छेदक लक्षणावर आधारलेले असावे आणि त्या लक्षणाचा कायद्याच्या उद्दिष्टाशी तर्कसंगत संबंध असावा. या कसोटीत ‘डिफरन्शिया’ हा तर्कशास्त्रातील जुना शब्द जसाच्या तसा आला आहे.

त्यानंतर फेब्रुवारी १९५२ मध्ये सौराष्ट्रातील अशाच तरतुदीविषयीच्या काठी रणिंग रावत खटल्यात सरन्यायाधीश पतंजली शास्त्री यांनी पर्यायकोशकाराचेच काम केले. अनुच्छेद १४ मध्ये ‘डिस्क्रिमिनेशन’ हा शब्द नाही, तो अनुच्छेद १५ (१) व १६ (२) मध्ये आहे, हे त्यांनी निदर्शनास आणले. त्यांनी ऑक्सफर्ड कोशाच्या आधारे त्याचा अर्थ प्रतिकूल भेद करणे असा दिला आणि कायद्याने केलेले प्रत्येक ‘डिफरन्शिएशन’ हे ‘डिस्क्रिमिनेशन’ नव्हे, असे प्रतिपादन केले. ही तरतूद बहुमताने वैध ठरली. टेलर व क्रॅब यांनी वाचनालयात बसून केलेला शब्दविवेक येथे नागरिकाच्या खटल्याचा भाग बनला. दोन पर्यायशब्दांतील अंतर हा आरोपीवर कोणत्या पद्धतीने खटला चालावा यासंबंधीचा प्रश्न ठरला.

या भेदाचे आणखी एक फळ अनुच्छेद १५ मध्येच दिसते. त्याच अनुच्छेदात स्त्रिया व बालके यांच्यासाठी आणि १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनंतर सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागासलेल्या वर्गांसाठी विशेष तरतुदींस मुभा आहे. प्रतिकूल भेदभावाला बंदी आणि विषमता ओळखून केलेल्या तरतुदीला वाव, या दोन्ही गोष्टी एका कलमात नांदतात. सर्वांना डोळे झाकून एकसारखे वागविणे म्हणजे समता, असा अर्थ घटनाकारांना अभिप्रेत नव्हता.

मराठीतील प्रतिशब्द

या संदर्भात मराठी शब्दसंपत्तीकडे पाहणे उद्बोधक ठरते. ‘विवेक’ हा शब्द ‘वि’ उपसर्गासह ‘विच्’ या संस्कृत धातूपासून बनला असून त्या धातूचा अर्थ वेगळे करणे, पाखडणे असा आहे. लॅटिनमधील चाळणी आणि संस्कृतमधील सूप यांतून एकाच प्रकारचा विचार व्यक्त झाला. ‘फरक’ हा शब्द अरबीतून फारसीच्या द्वारे मराठीत आला आणि अरबीत त्याचा एक अर्थ केसांचा भांग असाही आहे. ‘डिस्क्रिमेन’शी असलेले त्याचे हे साम्य मनोवेधक होय. ‘भेद’ या शब्दात फोडण्याचा, चिरण्याचा अर्थ आहे. ‘निवडणे’ हे क्रियापद सुपातील तांदळापासून सुरू होते आणि त्याच कुळातील ‘निवडणूक’ व ‘निवाडा’ हे शब्द लोकशाही व न्याय यांपर्यंत पोहोचतात.

इंग्रजीत एकाच शब्दावर दोन विरुद्ध अर्थांचा भार पडला. मराठीने तो भार वाटून घेतला. बुद्धीच्या क्रियेसाठी विवेक, वस्तुस्थितीसाठी फरक व भेद, तुलनेने कमीअधिकपणा जाणण्यासाठी तारतम्य आणि अन्याय्य वागणुकीसाठी भेदभाव किंवा पक्षपात. संविधानाच्या मराठी पाठात ‘भेदभाव’ या शब्दाची निवड झाल्याने वाचकाच्या मनात संदिग्धता राहत नाही. मात्र अनुवादात इंग्रजीचा प्रत्येक ‘डिस्क्रिमिनेशन’ यांत्रिकपणे ‘भेदभाव’ असा उतरविल्यास घोटाळा संभवतो. मानसशास्त्रातील उद्दीपकांमधील ‘डिस्क्रिमिनेशन’ हे भेदबोधन आहे, भेदभाव नव्हे. तसेच रोजेट यांच्या वर्गवारीतील हा शब्द विवेकाच्या जवळचा आहे. संदर्भाचा काळ व क्षेत्र पाहूनच प्रतिशब्द ठरविणे आवश्यक आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, भेददर्शक शब्दांचा इतिहास हा केवळ कोशवाङ्मयाचा इतिहास नाही. जिरार यांच्यापासून रोजेट यांच्यापर्यंतच्या अभ्यासकांनी शब्द पूर्णतः समानार्थी नसतात हे सुसंस्कृत संभाषण व लेखन यांच्या हितासाठी सांगितले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या व चिनी मजुरांच्या आणि भारतातील अस्पृश्यवर्गाच्या अनुभवाने त्या सिद्धान्ताला नैतिक आशय दिला. ब्लेअर यांनी दाखविलेला ओळखणे आणि विलग करणे यांतील भेद हा सामाजिक न्यायाच्या मुळाशी असलेला भेद होता.

इंग्रजीत आजही या कुटुंबात एक विलक्षण विसंगती टिकून आहे. एखाद्याने ‘डिस्क्रिमिनेट’ केले तर तो दोषी ठरतो, पण त्याची कृती ‘इनडिस्क्रिमिनेट’ असली, जसे की अंदाधुंद गोळीबार, तरीही तो दोषीच ठरतो. रसिकाला ‘डिस्क्रिमिनेटिंग’ म्हटले तर मात्र तो गौरव असतो. ही विसंगती भाषेचा दोष नव्हे. माणसांना माणूस म्हणून समान मानताना त्यांच्या परिस्थितीतील फरकही पाहावा लागतो, या दुहेरी कर्तव्याची ती खूण आहे. भेद न ओळखणारी समता आंधळी होते आणि भेदाचा आधार घेऊन माणसाला दूर लोटणारी बुद्धी क्रूर होते. प्रश्नपत्रिकेत ‘फरक स्पष्ट करा’ असे लिहिताना ज्या बुद्धीची अपेक्षा विद्यार्थ्याकडून केली जाते, तिचा उपयोग पुढे तो कशासाठी करणार, हा प्रश्न इंग्रजीच्या तासाइतकाच नागरिकशास्त्राच्या तासालाही लागू आहे.